दोन आपत्तींमधली उसंत

निसर्ग जात पाहत नाही, असे प्रत्येक दुष्काळानंतर आणि प्रत्येक पुरानंतर आपल्याला सांगितले जाते. पुढारी सभेत सांगतात, वर्तमानपत्रे अग्रलेखात सांगतात, मदतफेरीला निघालेले आपले काही मित्रही सांगतात. पाऊस पाटलाच्या वाड्यावर आणि बौद्धवस्तीवर सारखाच पडतो, एवढ्यापुरते ते खरेही आहे. पण पाऊस पडून गेल्यानंतर कोणाचे घर उभे राहते, कोण पुन्हा पेरतो, कोण गाव सोडतो आणि कोणाचे नुकसान सरकारच्या कागदावर चढते, हे सारे प्रश्न त्या एका वाक्याखाली झाकले जातात. म्हणून ते वाक्य तपासून घेतले पाहिजे, असे मला वाटते. मी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत वावरलेला शिक्षक आहे. हवामानशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु हवामानाने माणसांचे काय केले हे पाहायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही; वर्गातल्या रिकाम्या जागा मोजता आल्या तरी पुरते.

एक उदाहरण घेऊ. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड होते. महिना पुरा व्हायच्या आत, २६ नोव्हेंबरला, पुणे, नगर आणि नाशिक या जिल्ह्यांच्या पट्ट्यात अवकाळी पाऊस आणि गारा कोसळल्या. पाण्यावाचून जे पीक कसेबसे तगले होते ते अनेक ठिकाणी गारांनी झोडपले. कचेरीत दुष्काळाची फाइल वेगळी राहिली, अवकाळीची वेगळी. ज्यांच्यावर हे गुदरले ती माणसे मात्र तीच होती. या दोन फाइलींच्या मधल्या जागेत जे घडते त्याविषयी मला लिहायचे आहे.

तेरावा महिना

'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण आपण सहज वापरतो. तिचा अर्थ थांबून पाहण्यासारखा आहे. ज्याच्या कणगीत बारा महिन्यांचे धान्य नाही, त्याला पंचांगातला अधिक महिना म्हणजे आणखी तीस दिवसांची भूक. ज्याची कणगी भरलेली आहे त्याला तोच महिना व्रतवैकल्याचा, जावयाला वाण देण्याचा. एकच महिना, पण दोन घरांत त्याचे दोन अर्थ. २०२३ साली ही म्हण शब्दशः खरी झाली. त्या वर्षी श्रावण अधिक होता, आणि त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

शास्त्रज्ञ यालाच आता संयुक्त किंवा एकमेकींत गुंतलेल्या आपत्ती म्हणतात. हे गुंतणे तीन तऱ्हांचे असते. पहिली तऱ्हा म्हणजे दोन आपत्ती एकाच वेळी येणे: पाऊस नाही आणि त्यातच उष्णतेची लाट. दुसरी, एकीतून सावरण्याआधी दुसरी येणे: दुष्काळ, त्यावर गारपीट, त्यावर अतिवृष्टी. तिसरी, एके ठिकाणची आपत्ती दुसऱ्या ठिकाणच्या आपत्तीशी जोडलेली असणे: वरच्या खोऱ्यात ढगफुटी आणि खाली कोरड्या रानात पूर. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२१ च्या अहवालात अशा आपत्तींची शक्यता माणसाच्या करणीने वाढली असल्याचे नोंदवले आहे. कारण समजायला कठीण नाही. हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक वाफ धरून ठेवू शकते. त्यामुळे ती जमिनीतला ओलावा अधिक ओढून घेते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. म्हणजे पावसातले खंड लांबतात आणि पडणारा पाऊस मुसळधार होतो. मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, हे पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील अभ्यासकांनी २०१७ साली दाखवून दिले. दुष्काळ आणि पूर हे एकमेकांचे विरोधी नाहीत. ते एकाच तापलेल्या हवेतून येतात.

भीमेचे पाणी, माळाची तहान

आता हे दोन तालुके पाहू. दोन्ही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. घाटमाथ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. येथे येईतो तो ५०० च्या आसपास उरतो. पण घाटमाथ्यावरचे पाणी याच तालुक्यांतून वाहत जाते. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा, तिला मिळणाऱ्या भामा, इंद्रायणी, वेळ, रांजणगाव सांडसला येऊन मिळणारी मुळा-मुठा आणि पुढे घोड हे सगळे प्रवाह दौंड शहराच्या वरच एकत्र होतात. दौंडच्या पूर्व कडेला उजनीचा फुगवटा. म्हणून येथे एक चमत्कारिक दृश्य दिसते. ढग माथ्यावर फुटतो, धरणांची दारे उघडतात आणि नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरते, त्याच आठवड्यात दहा-पंधरा कोसांवरच्या जिरायती गावात टँकरची वाट पाहिली जात असते. ऑगस्ट २०१९ मध्ये हे घडले. आदल्या वर्षी, ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी, जे १५१ तालुके दुष्काळी ठरले त्यांत हे दोन्ही होते. तो दुष्काळ पुरता हटला नव्हता तोच भीमेला पूर आला.

उजनीचेच पाहा. २०२४ च्या जूनमध्ये तिचा साठा उणे ६० टक्क्यांवर गेला होता. म्हणजे वापरायचे पाणी संपून तळच्या मृत साठ्यातले पाणी उपसले जात होते. ऑगस्टमध्ये तीच उजनी शंभर टक्के भरून विसर्ग सुरू झाला. दोन महिन्यांत या टोकापासून त्या टोकापर्यंत. धरणाला हे सोसते. माणसाला सोसायचे तर मध्ये उसंत लागते.

ही उसंत हाच माझ्या लेखाचा विषय आहे. एक तडाखा बसला, की माणूस उसनवारी करतो, घरातले विकतो, पोट मारतो आणि हळूहळू पुन्हा उभा राहतो. या उभे राहण्याला काही महिने लागतात, कोणाला काही वर्षे. पुढचा तडाखा त्याआधी बसला, तर तो पहिल्याच्या दुप्पट लागतो असे नाही. तो थेट हाडाला लागतो, कारण वरचे मांस पहिल्याने नेलेले असते. आणि आपल्या समाजात ही उसंत कोणाला किती मिळायची, हे जमीन, पाणी आणि जात यांनी फार पूर्वी ठरवून ठेवले आहे.

मागची दीडशे वर्षे

१८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले. ते लोण शिरूर, इंदापूर आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात पसरले. दौंड तेव्हा याच भीमथडीत मोडत असे. कापसाची तेजी ओसरलेली, सारा वाढलेला, सावकाराचा फास आवळलेला. या अवस्थेत असताना १८७६ चा पाऊस गेला आणि महादुष्काळ सुरू झाला. म्हणजे बाजाराची आपत्ती आधी आली, आकाशाची नंतर. दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम याच दुष्काळातल्या मजुरांनी केले. १८७८ साली त्यावरून गाडी धावू लागली. मजुरी किती असावी यावर सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेले प्रमाण कुप्रसिद्ध आहे: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, बाईला आणि मुलाला त्याहून कमी.

येथे बलुतेदारीचा एक मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. महाराचे, मांगाचे बलुते म्हणजे खळ्यावरचा वाटा. पीक बुडाले की वाटा बुडाला. पण वेसकराचे काम, सांगावा नेण्याचे काम, मेलेले ढोर ओढण्याचे काम बुडत नसे. दुष्काळात तर ढोरे अधिक मरतात. उत्पन्न शून्य आणि राबणूक दुप्पट, अशी ही व्यवस्था होती. गावगाड्याला बलुतेदारांचा विमा म्हणून गौरवणाऱ्या विद्वानांनी दुष्काळी सालचा हिशेब कधी मांडलेला मला आढळला नाही.

त्याच काळात सत्यशोधक समाजाने वेगळे काही केले. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८७७ साली धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी बालाश्रम चालवला. सावित्रीबाईंनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. मदत देताना जात न पाहणे म्हणजे काय, हे त्यांनी करून दाखवले. निसर्ग जात पाहत नाही एवढे म्हणून ते थांबले नाहीत.

वीस वर्षांनी पुन्हा तेच झाले, आणि या वेळी दुष्काळाच्या जोडीला प्लेग आला. १८९६-९७ च्या दुष्काळात अर्धपोटी झालेल्या माणसांवर तो तुटून पडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगग्रस्त मुलाला उचलून दवाखान्यात आणणाऱ्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. दौंड तालुक्यातले केडगाव त्याच वर्षांत पंडिता रमाबाईंमुळे नावारूपाला आले. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणि पुढे १९०० साली गुजरातेतल्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली व स्त्रिया तेथे राहिल्या. आपल्या दुष्काळी माळावर दुसऱ्या प्रांतांतले दुष्काळग्रस्त विसावले, हेही या भूमीच्या इतिहासात नोंदलेले असावे.

जातीचा आणि गुंतलेल्या आपत्तींचा संबंध आकड्यांत पाहायचा असेल तर १९१८ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी पाऊस गेला, धान्य महागले आणि त्यातच इन्फ्लुएंझाची साथ आली. मुंबई शहराच्या आरोग्य खात्याने मृत्यूंची नोंद जातवार ठेवली होती. खालच्या मानलेल्या जातींच्या हिंदूंत हजारी ६१.६ माणसे दगावली. इतर हिंदूंत हे प्रमाण १८.९ होते, युरोपियनांत ८.३. जंतू एकच, शहर एकच, हवा एकच. फरक होता तो खोलीत किती माणसे झोपतात, पोटात काय आहे आणि आजारी माणसाला अंथरुणावर पडून राहणे परवडते का, यांचा. निसर्ग जात पाहत नाही असे म्हणणाऱ्यांपुढे मी नेहमी हे तीन आकडे ठेवतो.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी अनेकांच्या घरात अजून बोलला जातो. मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडून सोललेले हात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्या कामांतूनच रोजगार हमीचा विचार पक्का झाला आणि १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. हे श्रेय द्यायलाच हवे. परंतु त्याच १९७२ साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली, आणि पुणे जिल्ह्यातच, इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात, दलितांवर बहिष्कार घातला गेला. दुष्काळी सालात बहिष्कार म्हणजे काय, याची कल्पना करा. शेतावरचे काम बंद, दुकानातले उधार बंद, पाणवठा बंद. आकाशाने जे हिरावले नव्हते तेवढे गावाने हिरावले. दलित पँथर त्याच साली उभी राहिली ती या पार्श्वभूमीवर. आपत्तींच्या साखळीत समाजाने घातलेली कडीही मोजली पाहिजे, असे मी म्हणतो ते याचसाठी.

वस्तीत काय होते

आता अलीकडची वर्षे ओळीने मांडतो. २०१८ चा दुष्काळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी. मार्च २०२० पासून टाळेबंदी. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळून पुणे जिल्ह्यातून गेले. १४ ऑक्टोबरच्या अतिवृष्टीत दौंड तालुक्यातल्या खानोट्याजवळ ओढ्याच्या पुरात दुचाकीवरची माणसे वाहून गेली. मग २०२३ चा दुष्काळ आणि गारपीट, २०२४ चा कडक उन्हाळा. २०२५ च्या मेअखेर, ज्या दिवसांत येथे टँकर धावायचे, त्या दिवसांत दौंड, बारामती, इंदापुरात एवढा पाऊस झाला की पुणे-सोलापूर महामार्गावर पाणी आले. सात वर्षांत सलग दोन वर्षांची उसंत शोधून सापडत नाही.

याच काळात एका मजूर घरात काय होते ते पाहू. हे एका घराचे वर्णन नव्हे. शिरूर-दौंडच्या अनेक वस्त्यांत मी पाहिलेल्या गोष्टी येथे एकत्र केल्या आहेत.

पाऊस लांबला की पहिल्यांदा जाते ती खुरपणीची, कांदालागवडीची मजुरी. बागायतदाराचे पीक विहिरीवर, ठिबकवर तग धरते. मजुराची रोजंदारी त्याआधीच सुकलेली असते. मग शेळ्या निघतात. दुष्काळात सगळेच विकायला काढतात म्हणून भाव पडतो, आणि पुन्हा घ्यायची वेळ येते तेव्हा तो चढलेला असतो. त्यानंतर मुकादमाची उचल घेऊन कोयता धरायचा, किंवा वीटभट्टी, गुऱ्हाळ गाठायचे. उचल फेडायची ती अंगमेहनतीने. येथे दुसरी आपत्ती येते. अवकाळीने उसाच्या फडात पाणी साचते आणि तोड थांबते, कच्च्या विटांचा चिखल होतो. काम थांबले तरी उचल थांबत नाही; ती पुढच्या हंगामावर चढते. म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी हे घर आधीच विकले गेलेले असते. चांगल्या वर्षाचा लाभच त्याला मिळू शकत नाही. बचत गटाचा किंवा फायनान्स कंपनीचा आठवड्याचा हप्ता वेगळाच.

घराचेही असेच. मातीच्या भिंती दोन उन्हाळे तडकतात, त्या लिंपायला पैसा आणि पाणी दोन्ही नसते. तडकलेल्या भिंतीत पहिला मुसळधार पाऊस मुरतो आणि भिंत बसते. पंचनाम्यात कारण लिहिले जाते 'अतिवृष्टी'. खरे तर ती भिंत दुष्काळाने अर्धी पाडलेली होती. विहिरीचेही तसेच. कोरड्या पडलेल्या उथळ विहिरीत पुराचे पाणी उकिरडा घेऊन उतरते, आणि आठ दिवसांत वस्तीत जुलाब सुरू होतात. उन्हाळ्यात पाऊस पडून गेल्यावर हवा दमट होते. तशा हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. ऊन पहिल्याइतकेच दिसते, पण शेतात वाकून राबणाऱ्या बाईला ते अधिक धोक्याचे असते. पंख्याखाली बसून तापमानाचा आकडा वाचणाऱ्याला हे कळत नाही.

शाळेच्या हजेरीपटावर हे सगळे उमटते. दुष्काळात पाण्यासाठी मोठी मुलगी गळते, ऊसतोडीला गेलेल्या घरातली धाकटी मुले गळतात, आणि पुरानंतर दप्तर वाहून गेलेले मूल लाजेने येत नाही. दोन वर्षांत तीनदा गळलेले मूल चौथ्यांदा परत येत नाही. आपण त्याला 'अभ्यासात रस नाही' असे म्हणून मोकळे होतो.

वस्तीची जागाही काही योगायोगाने ठरलेली नाही. गावकुसाबाहेर, बहुधा उगवतीला, उताराला, ओढ्याच्या कडेला महारवाडा आणि मांगवाडा वसवला गेला तो गावाने. गावाचे सांडपाणी जिकडे वाहते तिकडेच पुराचेही पाणी आधी पोहोचते. आणि टँकर मात्र आधी गावात थांबतो, कारण विहीर गावात. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी जो प्रश्न विचारला, तो टँकरच्या नळीपाशी आजही विचारावा लागतो.

हे सांगताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. कोरडवाहू मराठा, माळी, धनगर शेतकऱ्याचीही उसंत आखूड झाली आहे. दोन एकर जिरायत असलेला माणूस आज मजुराच्या जवळ येऊन ठेपला आहे. तो आपला शत्रू नाही. पण त्याच्या हातात सात-बारा आहे, आणि त्या एका कागदाने किती फरक पडतो ते आता पाहू.

हेक्टरात न मावणारे नुकसान

सरकार आपत्ती मोजते कशी? महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान असेल तर मदत. ती मदत हेक्टरी. २०१९ च्या अवकाळीनंतर राज्यपालांनी जाहीर केलेली मदत खरीप पिकांना हेक्टरी ८००० रुपये आणि फळबागांना १८००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत होती. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात मराठवाड्यातल्या महापुरानंतर ३१,६२८ कोटींचे पॅकेज आले, मर्यादा तीन हेक्टर झाली. पण मोजण्याचे मुख्य माप हेक्टरच राहिले. घर पडले, जनावर मेले, माणूस दगावला तर त्याची तरतूद आहे. बुडालेल्या मजुरीची नाही. एका मजूर बाईने मला विचारले होते, की कांदा सडला तर मालकाला पैसे मिळतात; तो कांदा काढायची माझी मजुरीही त्याच्याबरोबर सडली, ती कोणाच्या कागदावर लिहायची? मला उत्तर देता आले नाही, कारण तसा रकानाच नाही.

बटईने करणाऱ्याची गतही तीच. राबला तो, सात-बारा दुसऱ्याचा, मदत सात-बाराला. गायरान कसणाऱ्यांची तर त्याहून वाईट. १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी तुरुंग भरले ते याच जमिनीसाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे कायम करण्याचा निर्णय १९९१ साली निघाला. तरी असंख्य कुटुंबांचे नाव उताऱ्यावर चढलेच नाही. त्यांच्या शेतातले पीक बुडते तेव्हा कागदोपत्री काहीच बुडालेले नसते.

दुसरा दोष असा की प्रत्येक आपत्ती सुटी मोजली जाते. गारपिटीत २५ टक्के गेले आणि पुढच्या पावसात आणखी २५ टक्के गेले, तर दोन्ही वेळा ३३ च्या आत. म्हणून दोन्ही वेळा मदत नाही. निम्मे पीक गेलेले असते. तिसरा दोष कामाचा. दुष्काळात हमीची कामे निघतात ती मातीची. मोठा पाऊस झाला की मातीकाम बंद. शेतातले कामही बंद. नेमके दोन आपत्ती एकमेकींवर येतात तेव्हा मजुराला कोणतेच काम उरत नाही. १९७७ च्या कायद्यात काम न दिल्यास बेकारी भत्त्याची तरतूद होती. तो किती जणांच्या हातात पडला, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात विचारून पाहावे.

यात कोणा एका तलाठ्याचा दुष्टपणा नाही. जमिनीचा सारा वसूल करण्यासाठी बनलेली यंत्रणा जमीनच मोजू शकते. ज्याला व्यवस्थेने जमीन दिली नाही, त्याला ती आपत्तीतही पाहू शकत नाही. जातीचे काम येथे कोणालाही शिवी न देता, निमूटपणे पार पडते.

आपल्या विचारातली वाट

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. जोतीरावांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये पावसाने वाहून जाणारी सुपीक माती अडवण्यासाठी ताली आणि बंधारे घालावेत, त्यासाठी रिकाम्या पोलीस-पलटणींना कामाला लावावे, असे सुचवले. एकाच बंधाऱ्याने पुराचे पाणी थोपते आणि दुष्काळाला पाणी राहते, हे त्यांनी ओळखले होते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओरिसातील नद्यांच्या परिषदेत बोलले. पुराचे पाणी ही ब्याद समजून समुद्रात लोटायची दृष्टी चुकीची आहे, ते साठवण्याजोगे धन आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. दामोदर खोऱ्याची योजना त्याच दृष्टीतून आकारली. पूर आणि दुष्काळ यांचा एकत्र विचार करा, असे सांगणारे हे दोघे. पण ते धन साठल्यावर कोणाच्या शेतात जाणार, हा दुसरा प्रश्नही त्यांनीच शिकवला. घोड, चासकमान, खडकवासल्याचे कालवे या दोन तालुक्यांतून गेले, ऊस उभा राहिला, कारखाने आले. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याच्या वाट्याला त्या पाण्यातून आला तो कोयता.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. बुडालेल्या मजुरीची भरपाई, दिवसांच्या हिशेबाने. एका वर्षातल्या सर्व आपत्तींचे नुकसान एकत्र धरून मोजणी. बटईदार आणि गायरानधारक यांचा पंचनामा प्रत्यक्ष कसण्यावरून. वस्तीत टँकर थांबण्याची स्वतंत्र जागा. ओढ्याकाठच्या घरांना उंचावर, स्वतःच्या नावावर घरजागा. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झालेल्या काळात उचलीच्या आणि हप्त्यांच्या वसुलीला स्थगिती.

मागणी करायची तर पुरावा लागतो, आणि तो आपल्यालाच तयार करावा लागेल. विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे, की प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. तीत पाच गोष्टी लिहा: कोणत्या घराचे किती दिवसांचे काम बुडाले, पाणी किती लांबून आणले, घराची कोणती भिंत कधी तडकली आणि कधी पडली, कोणी किती उचल घेतली, कोणते मूल किती दिवस शाळेत आले नाही. तारीख टाका, घरच्या माणसाची सही किंवा अंगठा घ्या. वर्ष संपले की त्याची एक प्रत ग्रामसभेत द्या, एक तहसील कचेरीत देऊन पोच घ्या. हे काम दहावीची मुलेही करू शकतात. आमच्याकडच्या काही मुलांनी ते केले आहे. पहिल्याच वर्षी त्यांना कळून चुकले, की ज्या घरांत एकदाही सरकारी मदत आली नव्हती, त्याच घरांची पाने सर्वांत जास्त भरली होती. या उन्हाळ्यात सुरुवात करा. पुढच्या पावसाचे पंचनामे होतील तेव्हा मागच्या दुष्काळाची वही हातात असली पाहिजे.